डावा आरसा नसलेली गाडी

“बघ गं,” असं म्हणून घड्याळजीने डावा इंडिकेटर दिला आणि सवयीने स्टिअरिंग किंचित वळवलं. कानाला लागूनच ट्रकचा भोंगा वाजला. त्याने गाडी पुन्हा उजवीकडे ओढली. शेजारच्या सीटवर फक्त उशी होती.

गाडी छोटी, जुनी. तिला डाव्या बाजूचा आरसा मुळातच नव्हता आणि त्यानेही कधी बसवून घेतला नाही. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळांवर वाकल्यामुळे त्याची मान वळत नसे. डावीकडचं बघायचं काम बायकोचं. ती उशी घेऊन उंच बसायची आणि दोनच शब्द बोलायची, ‘थांबा’ आणि ‘मोकळं’. ‘बहुतेक’, ‘वाटतंय’ असलं काही महामार्गावर बोलायचं नाही, हा तिचाच नियम. तिला जाऊन दोन महिने झाले होते.

मागच्या सीटवर सासूबाई होत्या. अकरा वर्षं लेकीकडे काढून आता त्या मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांची ट्रंक, डबे, गादीची वळकटी, सगळं मागच्या काचेपर्यंत रचलेलं. मधल्या आरशात वळकटीशिवाय काही दिसत नव्हतं. मेव्हणा फोनवर म्हणाला होता, “दाजी, त्या आगपेटीतून आईला आणू नका. मी येतो मोठी गाडी घेऊन.” पण घड्याळजी हट्टाने म्हणाला, “माझ्या घरातून जातायत, मीच पोचवणार. धक्का लागू देणार नाही.”

आता डावीकडे ट्रक होता आणि तो काही केल्या मागे पडत नव्हता. समोर चढ. इंजिन धापा टाकत होतं. उजव्या आरशात एक काळी मोठी गाडी अगदी बुडाला चिकटून दिवे मारत होती.

“जावईबापू, तो मागचा शिव्या देतोय तुम्हाला.”

“देऊ दे. आई, डावीकडे बघा. ट्रक कुठवर आहे?”

“हा काय, माझ्या मांडीवर.”

“आई, थट्टा नको!”

“थट्टा कसली? हात बाहेर काढला तर चाकाला लागेल.”

त्याने अॅक्सिलरेटर होता तेवढा दाबला. तळवे घामाने निसटायला लागले.

“आता?”

“दार आलं त्याचं. ड्रायव्हर जांभई देतोय मेला.”

“आता?”

“दिवा दिसला. एक.”

“एक नाही चालणार. दोन्ही दिवे, पूर्ण दिसले पाहिजेत. ती तसंच...” त्याने वाक्य सोडून दिलं.

काळ्या गाडीने भोंग्यावरचा हात उचललाच नाही. सासूबाईंनी हाताने काच पुसली आणि नाक काचेला लावलं.

“दोन.”

“नक्की?”

“मोतीबिंदू काढलाय माझा, डोळा नाही.”

तो डावीकडे आला. काहीही आदळलं नाही. काळी गाडी सणकन निघून गेली.

पुढच्या पेट्रोल पंपावर तो थांबला. पाणी प्यायला, तोंड धुतलं. परत येऊन बघतो तर सासूबाई पुढचं दार उघडून उभ्या.

“आई, ती जागा...”

“कुणाची आहे ते मला सांगू नका,” त्या म्हणाल्या आणि उशी थोपटून तिच्यावर बसल्या.

गाडी पुन्हा महामार्गाला लागली. डावीकडचं विचारलं की त्या सांगायच्या. ‘थांबा’ आणि ‘मोकळं’. हे शब्द त्याने त्यांना शिकवले नव्हते.

“आणि परत येताना?” त्यांनी एकदम विचारलं.

“परत येताना काय?”

“इकडचं कोण बघणार?”

“डावी लेन सोडणारच नाही. ट्रकच्या मागे मागे येईन.”

“घरापर्यंत?”

“घरापर्यंत.”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मुलाच्या गावाचा फाटा दोन किलोमीटरवर आला, तेव्हा पुढे एक क्रेन रांगत होती. घड्याळजीने ती मागे टाकली. फाटा डावीकडे होता. त्याने इंडिकेटर दिला.

“आई?”

“थांबा.”

फाटा एक किलोमीटर, अशी पाटी गेली.

“आता?”

“थांबा. ट्रक आहे.”

“कुठवर?”

“थांबा म्हटलं ना!”

त्याने मान वळवून बघितली. ती वळायची तेवढीच वळली आणि त्यात सासूबाईंचा कान तेवढा दिसला. पाचशे मीटर. तीनशे. इंडिकेटर टिकटिक करत होता. बाण काढलेली शेवटची पाटी आली, आणि फाटा डावीकडून हळूच मागे गेला.

“मोकळं,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने गाडी डावीकडे आणली, आणखी डावीकडे कडेच्या पट्टीवर नेली आणि उभी केली. मागचे दिवे लुकलुकत ठेवले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. सेकंदकाटा एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. एवढ्या वेळात बाजूने फक्त ती क्रेन गेली, रडतखडत. तिच्यामागे दूरवर रस्ता रिकामा होता.

समोर ठेवलेला फोन वाजायला लागला. मेव्हण्याचा होता. दोघांपैकी कुणीच तो उचलला नाही.

“आई,” तो म्हणाला, “ट्रक कुठे गेला?”

सासूबाई उशीवर जरा सावरून बसल्या.

“होता,” त्या म्हणाल्या. “तुमची मान वळत नाही, तुम्हाला काय दिसणार?”