काळीचं घर

पंचफुलानं पुढं केलेली भाकर सोडून काळीनं तिचा अंगठाच धरला.

"चावली का मावशी?" अनुप धावत आला.

"दात लागला जरासा. भेदरून हाये बिचारी." पंचफुलानं अंगठा पदरात गुंडाळला.

पवनीच्या बाहेर, एका बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारात अनुपनं बेवारस कुत्र्यांसाठी आश्रयघर काढलं होतं. झाडलोट आणि खाऊपिऊ घालणं पंचफुलाकडे होतं. छातीवर पांढरा ठिपका असलेली ही काळी कुत्री आदल्या दिवशीच आली होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी, मोहटोल्याकडं जाणाऱ्या वाटेवर ती एकटीच उभी सापडली. वाट पुढं सरळ पाण्यात जात होती, कारण मोहटोला गाव आता पाण्याखाली आहे.

पंचफुलाही मोहटोल्याचीच. तिचं घर पहिल्या खेपेलाच उठलं, त्याला नऊ वर्षं झाली. उंचावरची दहा-बारा घरं मात्र हट्टानं मागं राहिली होती. ती दोन वर्षांपूर्वी उठली. काळी त्यांच्यातल्याच कुणाची तरी असणार.

"पिसाळली त नाही ना बापा?" तिनं विचारलं.

अनुपनं काळीचा डावा कान लांबूनच दाखवला. शेंडा सरळ कापलेला होता. "हे बघा. नसबंदी केली का कानाचं टोक कापतात, अन् त्याच वेळी पिसाळू नये म्हणून सुई देतात. कापलेला कान म्हणजे सुई झाल्याची खूण. हिला फक्त टेन्शन आहे मावशी. तुम्ही बिनधास्त राहा."

पंचफुला बिनधास्त राहिली. शिकलेल्या पोराचा शब्द होता, आणि खूण तर डोळ्यांसमोर होती.

अडचण वेगळीच होती. मिलच्या मालकानं रविवारपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलं होतं. सहा कुत्री नागपूरची एक संस्था नेणार होती. सातवी त्यांना नको होती. मग जिथून धरली तिथं नेऊन सोडायची, असा नियम अनुपनं वाचून दाखवला.

"तिथं पाणी हाये," पंचफुला म्हणाली. "पाण्यात सोडतोस का तिले?"

अनुपनं नियमाचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानं काळीचा फोटो मोबाइलवर टाकला: घाबरलेल्या कुत्रीला तातडीनं घर हवं. संध्याकाळपर्यंत ब्याण्णव लोकांनी बदाम पाठवले. घर एकानंही दिलं नाही.

पंचफुला पुनर्वसनातल्या नव्या गावठाणात दारोदार फिरली. ताराबाई तिची शेजारीण, मनानं मोठी, पण तीही म्हणाली, "आपल्यालेच मनापासून कोणी जागा नाही देल्ली. कुत्रीले कोण देईल?" तरी पंचफुला पुढच्या दारी गेली. तिथंही नाहीच म्हणाले.

शुक्रवारपासून काळीनं खाणं सोडलं. पाण्याचं घमेलं पुढं सरकवलं की ती जवळ यायची, तोंड लावायची आणि अंग आखडून मागं सरायची. तोंडातून लाळ गळत राहायची.

"काहून पीत नसेल?" ताराबाईनं विचारलं. तीही बघायला आली होती.

"कशी पिईल?" पंचफुला म्हणाली. "पाण्यानंच त घर खाल्लं तिचं."

ताराबाईनं मान हलवली. ती स्वतः नऊ वर्षांत धरणाच्या काठी गेली नव्हती. मोहटोल्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अनुपलाही ते पटलं. त्यानं एवढंच म्हटलं, की घर मिळालं तर सावरेल.

रविवारी नागपूरची गाडी सहा कुत्री घेऊन गेली. पंचफुलानं काळीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि तिला आपल्या टिनाच्या घरी आणलं. स्वतःची गोधडी चुलीशेजारी अंथरली. "हे घे तुहं घर," ती म्हणाली. काळी भुंकली, तर आवाज घोगरा, कुणा दुसऱ्याच कुत्र्याचा असल्यासारखा निघाला. रडून रडून घसा बसला असेल, असं पंचफुलाला वाटलं.

सोमवारी तिचे मागचे पाय गेले. मंगळवारी सकाळी ती गोधडीवरच संपली. पंचफुलानं घरामागच्या बोरीखाली खड्डा खणला आणि पोटच्या पोरीसाठी रडावं तशी रडली. घर मिळालं, पण फार उशिरा मिळालं.

दीड महिन्यानं भैय्यालाल तुमसरहून आला. मोहटोल्यात अगदी शेवटी उठलेला तो म्हातारा. आता मुलाकडं राहायचा.

"जयभीम, पंचफुला. आजारी हाय म्हणे?"

"जयभीम, दादा. दोन दिवस झाले, ताप हाये." तिनं अंगठा चोळला. तिथून कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या. ताराबाईनं चहा आणून ठेवला. पंचफुलानं कप ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. घोट काही घशाखाली उतरेना.

भैय्यालाल म्हणाला, "माही एक कुत्री राहून गेली तिकडं. ट्रॅक्टरवाल्यानं घेऊ नाही देल्ली. काळी होती, छातीवर पांढरा ठिपका. रोज आठवते."

ठिपक्यावरून पंचफुलानं ओळखलं. तिनं सगळं सांगितलं: वाटेवर उभी असलेली काळी, रविवार, गोधडी, बोरीखालचा खड्डा. म्हातारा डोळे पुसत राहिला. त्याला धीर द्यावा म्हणून ती म्हणाली, "वाऱ्यावर नोती ती, दादा. नसबंदीवाल्यांनी तिची काळजी घेतली होती. डावा कान कापला होता ना."

"कान?" भैय्यालाल रडता रडता हसला. "तो त म्याच कापला, विळ्यानं. तिच्या आधीची चारही पिल्लं मेली होती, त आमची बुढी म्हणे, हिचा कान काप, हे जगल."