सहीची जागा

"आई, हे आराखडे माझेच आहेत याचा पुरावा मागताहेत," शिरीष म्हणाला. ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायचे, तर तिथली संस्था आधी त्याची अभियंता म्हणून पात्रता तपासणार होती. त्याचे वय व्हिसाच्या वयोमर्यादेला टेकले होते. ही शेवटची संधी होती.

पंधरा वर्षे पाण्याच्या टाक्यांचे आराखडे त्यानेच केले. सही मात्र ह्यांची. वडील हयात असताना मुलाने सही करायची नाही, हा आमच्या सांगलीच्या कचेरीचा दंडक मीच घालून दिला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

मी ह्यांना फर्मावले, "लिहून द्या, कामे शिरीषची आहेत." ह्यांनी लगेच लिहून दिले. महिन्याने उत्तर आले: वडिलांची साक्ष ग्राह्य नाही, अर्ज नामंजूर.

दुसऱ्या दिवशी त्याने नव्या टाकीचा आराखडा टेबलावर पसरला. मी पेन त्याच्यापुढे धरले. "आजपासून सही तू करायची. माझी आज्ञा आहे."

"आता कुणाला दाखवायची, आई?" तो हसला, पेन ह्यांच्या थरथरत्या बोटांत दिले आणि कागद हलू नये म्हणून धरून उभा राहिला.