दोन बोटांत

थंडी सरली तशी आचऱ्याच्या दत्तारामची एक मधपेटी मरायला टेकली. मूठभर माश्या उरल्या होत्या आणि म्हातारी राणी अंडी घालत नव्हती. असली पेटी शेजारच्या जोमदार पेटीवर चढवायची आणि मध्ये टाचणीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालायचा, म्हणजे माश्या तो कुरतडत एक होतात. पण त्याआधी दुबळी राणी मारायची.

बायको सुशीला पौषापासून ओसरीवर अंथरुणाला खिळली होती. तिच्या डोळ्यांदेखत त्याने राणी चिमटीत धरली.

"सोडा ओ तिका," सुशीला म्हणाली.

"दुबळी राणी पोसून काय करूचा? नवी इली काय घर भरता," तो हसला. ती मेली की लग्न करून आणायला त्याने मसुऱ्याची एक मुलगी हेरून ठेवली आहे, हे तिला ठाऊक होतं.

त्याने बोटं दाबली. कट्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बघायला गेला, तर कागद जसाच्या तसा होता आणि वरची पेटी रिकामी होती.

माश्या ओसरीवर होत्या. राणीभोवती बसतात तशा, सगळ्यांची तोंडं सुशीलेकडे. कूसही न बदलणारी सुशीला उठून बसली होती. गाल भरले होते.

"हंय येवा," ती मायेने म्हणाली.

दत्तारामचा पाय उचलेना.

"ऱ्हवांदे," म्हणत तिने बसल्या जागी दोन बोटं हवेत धरली आणि सावकाश जवळ आणली.

दत्तारामच्या छातीत आवाज झाला. कट्ट.