कुजबूज

रेडिओच्या थेट कार्यक्रमात एका तरुणीचा फोन आला. "मी सुखरूप आहे," ती म्हणाली, "घर मर्जीनं सोडलंय. आईला सांगा, मला शोधू नकोस." मागे पंख्याची घरघर फार होती. साउंड इंजिनिअरनं थेट प्रसारणातूनच ती गाळून टाकली, आणि त्याच्या अंगावर काटा आला. तिच्या प्रत्येक वाक्याआधी एक पुरुष तेच वाक्य कुजबुजत होता. त्या माणसाजवळ मोबाइलवर हाच कार्यक्रम चालू असल्याचंही ऐकू येत होतं. इंटरनेटवर तो अर्धा मिनिट उशिरा पोचायचा. म्हणजे आता त्या माणसाला स्वतःचीच कुजबूज ऐकू येणार होती! इंजिनिअरनं झटकन इंटरनेटचं प्रसारण तोडलं, काचेपलीकडच्या निवेदिकेला 'बोलत राहा' अशी खूण केली आणि पोलिसांना फोन लावला.

"आवाज का गेला?" पुरुष दबक्या सुरात गुरकावला.

"ताई, आमचं नेट रुसलंय हो आज. तुमच्याकडेही जातं का?" निवेदिकेनं हसत विचारलं.

"जुन्या पाण्याच्या टाकीसमोर रेंज जातेच," तरुणी म्हणाली.

हे एक वाक्य तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्याच क्षणी फोन बंद झाला.