मागचे उपेंद्र सर

कॉफीपूड घेऊन उपेंद्र सर घरात शिरले, तेव्हा लॅपटॉपवरचे उपेंद्र सर अजून मान डोलावत होते. निळा शर्ट, नीट पाडलेला भांग, चेहऱ्यावर ज्ञानाची भूक. छोटासाच व्हिडिओ, संपला की पुन्हा पहिल्यापासून. शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणाला कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं होतं. समोर माणूसही हवा, असं कुणी बोललं नव्हतं.

"ती मुलगी मघापासून तुमच्याशीच बोलतेय," स्वयंपाकघरातून वीणा म्हणाली. "कानडी सोडून मराठीत. स्वल्प बघा तरी."

सर दारातच थबकले, कॅमेऱ्याला दिसणार नाही असे. क्लास संपला होता. जयनगरच्या शाळेतले बाकीचे शिक्षक केव्हाच निघून गेले होते. उरल्या होत्या दोन चौकटी: एकीत सर, दुसरीत महादेवपुऱ्याहून शिकवणारी शाल्मली.

"कुणी ऐकतच नाही हो, सर," ती म्हणत होती. "एक जण तर चक्क घोरत होते. तुम्ही तेवढे लक्ष देता, म्हणून विचारते. माझी ही पहिलीच बॅच. मला शिकवता येत नाही, हो ना?"

लॅपटॉपवरच्या सरांनी मान डोलावली.

"खरं सांगा. मला वाईट नाही वाटणार."

त्यांनी पुन्हा डोलावली. अगदी मनापासून.

दारातल्या सरांचे कान तापले. न ऐकता माना हलवणाऱ्या पोरांना ते वर्गात नंदीबैल म्हणत आणि बाकावर उभं करत.

शाल्मलीने नाक पुसलं. "मग सोडूनच देते. आत्ताच ऑफिसला कळवते. तेच बरं ना?"

मान डोलली.

"अहो नको, नको," म्हणत सर खुर्चीवर आदळले. पडद्यावर दोन उपेंद्र सर दिसू लागले. पुढचे घामाघूम, कॉफीपूड छातीशी धरून जोरजोरात नकार देत होते. मागचे निळ्या शर्टात, शांतपणे होकार देत होते.

शाल्मली आधी पुढच्यांकडे बघत राहिली, मग मागच्यांकडे.

"स्वतःचा व्हिडिओ मागे लावायचा, हे मंगळवारी मीच शिकवलं होतं," ती म्हणाली.

"फार छान शिकवलंत. एका फटक्यात जमलं," सर बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली. "ऑफिसला तुमचं नका कळवू, मॅडम. कळवायचं तर माझं कळवा."

"म्हणजे कुणीतरी काहीतरी शिकलं," ती म्हणाली. हसून की रडून, ते सरांना कळेना. वर बघायची त्यांची हिंमत नव्हती. ते दिसेल ते बटण दाबत सुटले. एकदा आवाज गेला, एकदा परत आला. मागचे सर काही जाईनात.

"मॅडम," शेवटी ते पुटपुटले, "हे काढायचं कसं?"

"काढायचं आज शिकवलं, सर."

मागचे सर आज वर्गाला हजर होते. त्यांनी मान डोलावली.