बारातले नऊ

आठवा डाव संपवून रादामेस सेवेरिनो बाकावर येऊन बसला, तशी त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून लांब सरकली. समोरच्या हातो मायोरच्या संघाचा एकही गडी आज पहिल्या बेसवर पाऊल ठेवू शकला नव्हता. चोवीस आले, चोवीस गेले. उरले तीन. बेसबॉलमध्ये असा बिनडाग सामना चेंडू टाकणाऱ्या पिचरला जन्मात एकदा लाभला तरी नशीब, आणि रादामेसचा तर हा निरोपाचाच सामना होता. अशा वेळी पिचरशी बोलायचं नसतं, दृष्ट लागते. कोन्सुएलो गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ते न मानणारी एकच व्यक्ती होती, त्याची धाकटी बहीण नेरेइदा. पहिल्या बेसमागच्या कठड्याला लागून तिचं कॉफीचं टेबल असे. चाळिशीला आलेली बाई, जिभेची तिखट. लग्नाचा विषय काढणाऱ्याला ती मुद्दाम गार कॉफी द्यायची.

"तिसरा येणार तो अन्सेल्मो आहे," कप पुढे करत ती म्हणाली.

"येऊ दे."

"आज तरी त्या गरिबाच्या अंगावर चेंडू घालू नकोस."

"बघू."

"बघू काय, बघू? तुझ्या वतीनं माफी मागून माझी जीभ झिजली. काय घोडं मारलंय त्यानं तुझं?"

"मला त्याचं तोंड आवडत नाही."

"तुझं कोणाला आवडतं?" असं म्हणून ती रिकामा कपसुद्धा न घेता निघून गेली.

वर समालोचनाच्या खोलीत डॉन मिल्सिआदेस माइकला चिकटले होते. गावच्या रेडिओचा हा आवाज. बायकोचा वाढदिवस सोडून जगातले सगळे आकडे त्यांना तोंडपाठ.

"श्रोतेहो, एकोणीस हंगाम! हजारो बॅटर! आणि आपल्या रादाचा चेंडू माणसाला लागला किती वेळा? अवघा बारा वेळा! सुईत दोरा ओवावा असा त्याचा नेम. पण त्या बारातले नऊ एकट्या अन्सेल्मो मोताच्या नशिबी! अन्सेल्मो झेल पकडायला वाघ, पण बॅट हातात आली की माशा हाकलल्यासारखी फिरवतो. रादासमोर त्याच्या नावावर एकही फटका नाही. पहिल्या बेसवर पोचला तो फक्त मार खाऊन, चेंडू अंगाला लागला की तो बेस फुकट मिळतो म्हणून! आणि श्रोतेहो, तिथं पोचल्यावरही आमच्या पठ्ठ्याचं समाधान होत नाही. टोपी पुसेल, नाडी बांधेल, पुन्हा सोडेल. अंपायर ओरडेपर्यंत चेंडू टाकणार नाही. शत्रूला उन्हात ताटकळत ठेवायचं!"

अन्सेल्मोनं याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. मुळात तो बोलायचाच कमी. चांगला उंचापुरा गडी, पण अंपायरलासुद्धा वाकून नमस्कार घालणारा.

आज तो दोनदा येऊन दोनदा बाद झाला होता. दोन्ही वेळा रादामेसनं सरळ चेंडू टाकले. म्हाताऱ्याला उशिरा का होईना अक्कल आली, असं लोकांना वाटलं.

नवव्या डावातला पहिला गडी हवेत फटका मारून गेला. दुसऱ्यानं तीनदा बॅटनं नुसता वारा घातला आणि तोही बाद झाला. आता मैदानात कोणी बसलेलं नव्हतं. एक म्हातारा टोपी छातीशी धरून चक्क रडत होता.

"आणि येतोय अन्सेल्मो मोता!" मिल्सिआदेसचा आवाज चिरकला. "श्रोतेहो, याचाही हा शेवटचाच सामना. संघानं पुढच्या हंगामाला त्याला घेतलेलं नाही. परवा तो कायमचा कुरासाओ बेटावर निघालाय, भावाकडे. रादा, बाबा, याच्यासारखा सोपा गडी देवानं दुसरा घडवला नाही. तीन सरळ चेंडू टाक आणि घरी चल!"

बॅटरमागे बसलेल्या कॅचर चागोनं बोटांनी खूण केली. वेगवान, खाली. रादामेसनं नकारार्थी मान हलवली. चागोनं पुन्हा तीच खूण केली. रादामेसनं पुन्हा मान हलवली आणि क्षणभर पहिल्या बेसकडे पाहिलं. मग हात फिरला.

चेंडू संथ वळत आला आणि अन्सेल्मोच्या मांडीवर बसला.

अन्सेल्मोला पहिला बेस फुकट, आणि रादामेसचा बिनडाग सामना हातचा गेला. मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. शेंगांची टरफलं आली, बाटल्या आल्या, रादामेसच्या आईचा उद्धार झाला. "श्रोतेहो," एवढंच म्हणून मिल्सिआदेस थांबले, आणि रेडिओवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.

अन्सेल्मो लंगडत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. नेरेइदा अॅप्रनमध्ये बर्फ घेऊन कठड्याशी धावली. "मेल्या! घरी ये तू, बघतेच तुला!" ती भावाच्या दिशेनं किंचाळली.

रादामेसनं अंपायरकडे वेळ मागितला आणि वाकून बुटाची नाडी सोडली. चागो तणतणत त्याच्यापाशी आला.

"उस्ताद, डोकं फिरलं का तुझं? तो डोळे मिटून बॅट फिरवून बाद झाला असता!"

"झाला असता."

"मग? असा सामना जन्मात पुन्हा येणार आहे का?"

"नाही येणार. म्हणून तर आज दोनदा मोहात पडलो." रादामेसनं मान वर केली नाही. "पण परवा तो जातोय, चागो."

"जाईना का! तुझं काय अडलं?"

"हळू बोल, आणि तिकडे बघू नकोस. नऊ वेळा ती बर्फ घेऊन आली, नऊ वेळा गडी मान खाली घालून गप्प उभा राहिला. आज त्यानं आपण होऊन नेरेइदाचा हात धरलाय."