करवलीचा मान

“लग्नाला साडी नेसूनच ये,” यज्ञेश फोनवर म्हणाला. “गजराही माळ. आईनेच सांगितलंय.”

अबोलीचा कानांवर विश्वास बसेना. याच आईने काही वर्षांपूर्वी तिची साडी कात्रीने कापली होती. मुलगा म्हणून जन्मलास, मुलासारखाच राहा, नाहीतर चालता हो, असं बजावलं होतं. अबोली चालती झाली. चारकोपचं घर सुटलं आणि ती मालवणीला चंपाच्या खोलीत राहायला आली. आता जोगेश्वरीच्या एका पार्लरमध्ये ती नवरीमुलींना सजवायची.

दुसऱ्यांच्या लग्नात नट्टापट्टा करून देताना तिची स्वतःची हौस एकच होती. धाकट्या भावाची, यज्ञेशची करवली व्हायचं, शकुनाचा दिवा घेऊन त्याच्या मागे उभं राहायचं. लहानपणी बाहुलीच्या लग्नातही ती हट्टाने करवलीच व्हायची आणि मार खायची.

“करवली कोण आहे रे?” तिने हळूच विचारलं.

“तू ये तर आधी. आणि मागच्या दाराने नको हं, पुढूनच ये. सगळ्यांना दिसायला पाहिजे. येताना मैत्रिणीलाही आण.”

त्याने ताई म्हटलं नाही, पण दादाही म्हटलं नाही. अबोलीला तेवढं पुरलं. फोन ठेवून ती पोटभर रडली.

चंपा लग्नाबारशांना टाळ्या वाजवून आशीर्वाद देत हिंडायची. निघताना सवयीने तिने ढोलकी उचलली, तशी अबोली उखडली.

“ठेव ती. माझ्या घरचं लग्न आहे.”

“बरं बाई,” म्हणत चंपाने ढोलकी खुंटीला अडकवली.

हॉलच्या दारात आई स्वतः उभी होती. तिने अबोलीला कुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. अबोली पाया पडायला वाकली, तर आईने तिला अडवलं आणि स्वतःच वाकून नमस्कार केला. माफी मागतेय बिचारी, असं वाटून अबोलीला भरून आलं. इतक्या वर्षांचा राग तिथेच निवळला.

स्टेजवर यज्ञेशच्या मागे मावसबहीण सई दिवा धरून उभी होती. अबोलीने हसून हात पुढे केला. सईने दिवा सोडला नाही, ती गोंधळून मावशीकडे बघू लागली.

तेवढ्यात आई लगबगीने आली. तिने अबोलीच्या पसरलेल्या हातांत तांदळाचं सूप ठेवलं. तांदळावर नारळ होता आणि पाचशेची नोट.

“या कोण?” नवरीच्या आईने विचारलं.

यज्ञेश मुंडावळ्या सारख्या करत राहिला. चंपाने अबोलीचा दंड घट्ट धरला.

“मालवणीहून मुद्दाम बोलावल्यात,” आई विहीणबाईंना म्हणाली. “यज्ञेश आमचा एकुलता एक ना, म्हटलं यांचा आशीर्वाद असलेला बरा.”